पराभवाचा हंगाम

गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं आमचा धाकटा नातू शाळेंतून आला तो पडवींत दप्तर टाकून सरळ माजघरांत गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. गुडघ्यावरची माती तशीच होती. आजीनें पुढें केलेली भाकरी ताटांत तशीच राहिली. कबड्डीच्या तालुकास्पर्धेंत त्याच्या शाळेचा संघ पहिल्याच फेरींत हरला होता, आणि तोही थोडक्या गुणांनीं नव्हे. "आमचें पानिपत झालें," एवढेंच तो बोलला. मग थोड्या वेळानें म्हणाला, "आजोबा, मी संघांतून नांव काढून घेणार."

एकत्र कुटुंबांत कोणताही प्रश्न एकट्याचा रहात नाहीं. रात्रीं पानें मांडलीं तेव्हां सर्वांनीं आपापलीं मतें दिलीं. वडील चिरंजीव म्हणाले, "बरेंच झालें. तेवढाच वेळ गणिताला मिळेल." सूनबाईंस त्याच्या खरचटलेल्या कोंपराची काळजी. धाकट्या चिरंजीवांनीं मात्र एक नेमका प्रश्न केला. संघांतील तिघे दांडगे गडी यंदा शिकवणीच्या वर्गांसाठीं अकोल्यास गेले आहेत. उरलीं तीं सारीं बारा-तेरा वर्षांचीं पोरें. "ज्यांच्यापाशीं माणसेंच उरलीं नाहींत, त्यांनीं मैदानांत उतरावेंच कशाला? हंसें करून घ्यायला?"

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. आम्हांस तो एकदां स्वतः सोडवावा लागला होता, आणि आम्हीं तो चुकविला. ती गोष्ट पुढें सांगूं. परंतु त्या रात्रीं नातवाची समजूत घालतांना आम्हांस प्रथम आठवण झाली ती फार दूरच्या एका संघाची. तिथूनच आरंभ करतों.

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील पायानें खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातांत घट्ट धरून अकरा गडी समोरच्या अकरांच्या भिंतीला धडका देत त्यांच्या हद्दींत शिरूं पाहतात. आपल्या कबड्डीचा आणि कुस्तीचा त्यांत थोडथोडा अंश आहे असें म्हटलें म्हणजे वाचकांस कल्पना येईल. तेथील विद्यापीठांत या खेळाचें मोठें प्रस्थ. विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन येथील विद्यापीठाचा संघ १९४२ सालीं ऐन भरांत होता. त्यानें दहा सामन्यांपैकीं आठ जिंकले, एक बरोबरींत सोडविला आणि एकच गमावला. त्या वर्षीं ज्या ओहायो स्टेट विद्यापीठास देशांत पहिलें स्थान मिळालें, त्यालाही ३१ ऑक्टोबर रोजीं या संघानें १७-७ असें लोळविलें होतें.

पुढें युद्धानें आपला वाटा मागितला. १९४१च्या डिसेंबरांत अमेरिका युद्धांत पडली होती, आणि १९४२च्या नोव्हेंबरांत सक्तीच्या भरतीचें वय विसावरून अठरावर आलें. म्हणजे जे वय मैदानाचें तेंच रणांगणाचें ठरलें. आरमारानें कांहीं निवडक विद्यापीठांत भावी अधिकाऱ्यांचे वर्ग उघडले. त्या वर्गांतील तरुणांस त्या त्या विद्यापीठाकडून खेळण्याची मोकळीक होती. लष्करानें आपल्या वर्गांतील तरुणांस ती दिली नाहीं. त्यामुळें ज्याच्या आवारांत आरमार उतरलें त्याच्या घरीं सुकाळ आणि इतरांच्या घरीं दुष्काळ, असा प्रकार झाला. विस्कॉन्सिनचा एलरॉय हर्श हा वाऱ्यासारखा धावणारा गडी मरीन दळाच्या शिक्षणासाठीं मिशिगन विद्यापीठांत पाठविला गेला, आणि १९४३ सालीं तो त्याच मिशिगनच्या संघांत दिसूं लागला! बाकीचेही बहुतेक सैन्यांत पांगले. आलाबामा आणि टेनेसी यांसारख्या नामांकित विद्यापीठांनीं त्या वर्षीं संघच उभे केले नाहींत. विस्कॉन्सिननें केला. उरल्यासुरल्या नवख्या पोरांना घेऊन तो दहा सामने खेळला आणि त्यांतले नऊ हरला.

आदल्या वर्षींचा आठ विजयांचा संघ आणि यंदाचा नऊ पराभवांचा संघ, अंगरखा एकच. पहाणाऱ्यांस काय वाटलें असेल तें वाटो. आम्हांस मात्र त्या दुसऱ्या संघाचें काम स्पष्ट दिसतें. एस.टी. फलाटाला लागतांच खिडकींतून रुमाल टाकून कोणी जागा धरतो. तो रुमाल कांहीं प्रवास करीत नाहीं, पण तो नसेल तर मागून येणाऱ्यास बसावयास मिळत नाहीं. १९४३च्या त्या पोरांनीं जागा धरली होती. ज्यांच्यासाठीं धरली त्यांतले सगळेच परत आले नाहींत. १९४२च्या संघाचा मोहरा डेव्ह श्राइनर १९४५च्या जूनमध्यें ओकिनावा बेटावरील लढाईंत मारला गेला. पण जे परत आले त्यांना मैदान मोकळें, गवत माजलेलें असें मिळालें नाहीं. तेथें खेळ चालूच होता.

आतां स्वदेशाकडे वळूं. त्याच १९४३च्या डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा अंतिम सामना झाला. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्माधर्मांचे आणि जातीजातींचे संघ त्या स्पर्धेंत असत. आणि या चौघांत जे बसत नाहींत त्यांचा १९३७ पासून एक "शेष" संघ असे. अंतिम सामना हिंदु विरुद्ध शेष असा झाला. हिंदूंनीं ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला; त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. शेष संघ १३३ धावांत गारद झाला आणि त्याला लगोलग पुन्हां फलंदाजीस उतरावें लागलें. सामना तेव्हांच संपल्यासारखा होता. पण दुसऱ्या डावांत या संघानें ३८७ धावा केल्या, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या सांगलीच्या विजय हजारे यांच्या होत्या. तरीही एक डाव आणि ६१ धावांनीं हार ती झालीच.

या ३०९ धावांचें कौतुक सर्वांनींच केलें आहे. आमची नजर मात्र दुसऱ्या एका आंकड्यावर खिळते. हजारे यांची त्यांचे बंधु विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली. तींत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. भाऊ एका टोकाला पराक्रम करीत असतां दुसऱ्या टोकाला बाद न होतां उभें रहाणें, हें त्यांचें काम. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें दुसरें टोंक सांभाळणारें माणूस कोण, हें समजावून सांगावयास नको. घरोघरीं तें असतें, आणि त्याच्या नांवावर पुष्कळदां एकवीसच धावा असतात.

दुसरा सामना आम्हां विदर्भवासीयांस अधिक जवळचा. १९४५च्या मार्चमध्यें रणजी करंडकाचा अंतिम सामना याच मैदानावर मुंबई आणि इंदूरचा होळकर संघ यांच्यांत झाला. होळकरांचे नायक कर्नल सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे, आणि त्यांचे धाकटे बंधु सी. एस. नायडू हेही नागपूरचेच. सी. के. तेव्हां एकूणपन्नास वर्षांचे होते. युद्धामुळें इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन महूच्या लष्करी छावणींत आला होता. तोही होळकरांकडून खेळला. मुंबईनें पहिल्या डावांत ४६२ आणि दुसऱ्यांत ७६४ धावा केल्या. होळकरांनीं ३६० आणि ४९२. शेवटच्या डावांत होळकरांना जिंकण्यासाठीं ८६७ धावा हव्या होत्या. असा आंकडा फलकावर पाहून कोणीही पॅड सोडून घरची वाट धरावी. मुश्ताक अलींनीं पहिल्या डावांत १०९ केल्या होत्या, त्यांनीं दुसऱ्यांत १३९ केल्या. कॉम्प्टन नाबाद २४९ वर राहिला. होळकर ३७४ धावांनीं हरले.

त्या सामन्यांत सी. एस. नायडू यांनीं दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकले. म्हणजे १५२ षटकें आणि वर पांच चेंडू. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यांत एका गोलंदाजानें इतके चेंडू टाकल्याचें दुसरें उदाहरण नाहीं. त्यांना ११ बळी मिळाले आणि त्यांच्या चेंडूंवर ४२८ धावा निघाल्या. मार्चमधील मुंबईचें ऊन वाचकांस ठाऊक आहे. धावफलकावर सातशे लागले असतांना, सामना हातचा गेला हें मैदानावरील प्रत्येकास कळलेलें असतांना, आणखी एक षटक टाकण्यासाठीं पुन्हां मागें वळून चालत जाणें, ही गोष्ट आम्हांस विजयापेक्षां कमी वाटत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९४५-४६ च्या हंगामांत, याच होळकर संघानें बडोद्याला हरवून करंडक नेला. आदल्या वर्षींच्या पराभवानें त्याचा कणा मोडला नव्हता, एवढें तरी यावरून म्हणतां येईल.

येथें एखादे विचारी वाचक आम्हांस अडवतील. युद्ध चालूं असतां खेळावेंच कां? हा आक्षेप तेव्हांही निघाला होता, आणि तो निघाला आपल्याच मुलुखांतून. १९४०च्या डिसेंबरांत मुंबईच्या हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास जाऊन गांधीजींस भेटलें. युरोपांत युद्धाचा वणवा पेटला आहे, देशांतील पुढारी तुरुंगांत आहेत, अशा वेळीं असले सामने बंद रहावेत असें म्हणणाऱ्यांच्या बाजूनें त्यांनीं आपलें मत दिलें. धर्मवार संघ तर त्यांना मुळींच पसंत नव्हते. त्या वर्षीं हिंदु संघ उतरला नाहीं, आणि १९४२ सालीं तर ती स्पर्धाच झाली नाहीं. १९४३ सालीं ती पुन्हां भरली, तेव्हां बंगालांत लाखों माणसें अन्नान्न करीत मरत होतीं. ब्रेबोर्नवरील टाळ्या आणि कलकत्त्याच्या रस्त्यावरील तो आक्रोश एकाच वर्षाचे आहेत, हें विसरून त्या खेळाचें कौतुक करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. धर्मावर उभी असलेली ती स्पर्धा १९४६ नंतर पुन्हां झाली नाहीं, हें योग्यच झालें.

तथापि आमच्या मतें येथें दोन प्रश्न वेगळे काढले पाहिजेत. करमणुकीसाठीं, मिरवण्यासाठीं आणि तिकिटांच्या पैशासाठीं दुःखाच्या काळांत उत्सव करावा कीं नाहीं, हा एक. त्याचें उत्तर गांधीजींनीं दिलें तेंच बहुधा खरें. पण उरलेल्यांनीं, म्हणजे जे लहान आहेत, दुबळे आहेत, ज्यांना युद्धानें किंवा पोटानें अजून उचलून नेलेलें नाहीं, त्यांनीं हातांतलें काम खालीं ठेवावें कीं नाहीं, हा अगदीं दुसरा. शाळा चालूं ठेवावी कीं नाहीं? ग्रंथालयाचें दार उघडावें कीं नाहीं? कर्ता पुरुष दूर असतां घरांत दिवा लावावा कीं नाहीं? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पूर्वीं ठाऊक असतें, तर पुढची गोष्ट घडली नसती.

सुमारें तीस वर्षांमागें आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं, आणि दुसरा कोणी मिळाला नाहीं म्हणून कबड्डीच्या संघाकडेही पहात असूं. त्या वर्षीं आमच्या वऱ्हाडांत युद्ध नव्हतें, पण पावसानें दगा दिला. वरच्या वर्गांतील जाणतीं मुलें एकामागून एक शाळा सोडून कामाला लागलीं; कोणी आईबापांबरोबर शहराकडे गेलीं, कोणी दुसऱ्याच्या शेतावर. संघांत उरलीं तीं सातवी-आठवींतलीं. संघनायक सातवींतला, अंगानें काटकुळा, आवाज अजून फुटलेला नव्हता. त्या हंगामांत आम्ही सहा सामने खेळलों आणि सहाही हरलों. दर सामन्यांत लोणावर लोण चढत. प्रेक्षक आमच्या पोरांच्या चढाईला हंसत, आणि त्या हंसण्याचा राग आम्हांस हंसणाऱ्यांवर न येतां पोरांवर येई, हें आज लिहितांना लाज वाटते.

सहाव्या सामन्याला आम्ही गेलोंच नाहीं. उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत असें निमित्त सांगितलें. शिपायाबरोबर मुलें पाठविलीं. आणि वर्ष संपतांना मुख्याध्यापकांस लेखी कळविलें कीं, पुढील वर्षीं संघ पाठवूं नये. शाळेची अब्रू जाते. आमचें म्हणणें मान्य झालें. पुढच्या वर्षीं पाऊस चांगला झाला. गेलेल्यांपैकीं दोघे दांडगे गडी शाळेंत परत आले. त्यांनीं पहिल्याच आठवड्यांत विचारलें, "गुरुजी, सराव केव्हां?" सराव नव्हता, संघ नव्हता. दोघांपैकीं एक दिवाळीपूर्वींच पुन्हां निघून गेला. कबड्डी असती तर तो राहिला असता असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं. पण त्याला शाळेंत धरून ठेवील असा एक धागा आम्हीं स्वतःच्या हातानें तोडला होता, एवढें खरें.

दोन वर्षांमागें अकोल्याच्या बसस्थानकावर चाळिशी गांठलेल्या एका गृहस्थानें वांकून आमच्या पायांस हात लावला. आम्हीं त्यास ओळखलें नाहीं. तोच तो काटकुळा संघनायक. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या शेवटच्या सामन्यांत आम्ही खूप मागें होतों. पण शिटी होईपर्यंत एकही चढाई सोडली नाहीं. तुम्ही आला नव्हतांत, म्हणून सांगायचें राहून गेलें होतें."

तीस वर्षें हा माणूस एवढी बातमी आमच्यासाठीं जपून होता. आम्हांला काय बोलावें तें सुचेना. गाडी लागली आणि तो गेला.

वाचकहो, त्या रात्रीं आम्हीं नातवास ही गोष्ट सांगितली, आणि घरांतील मोठ्यांसमोर सांगितली, कारण चूक मोठ्याची होती. मग त्याच्या पानिपताकडे वळलों. १७६१ सालीं पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली; तो पराभव आपल्या भाषेंत म्हण होऊन बसला. पण त्याच रणांतून पाय कायमचा अधू होऊन परतलेला महादजी शिंदे दहा वर्षांनीं, १७७१ सालीं, दिल्लींत होता. पानिपत झालें असें म्हणणाऱ्यानें या दुसऱ्या सालाचीही आठवण ठेवावी.

एवढें जुनें उदाहरण नको असेल तर आपला विदर्भाचा संघ आहे. १९५७-५८ पासून तो रणजी करंडकासाठीं खेळत आला. साठ वर्षांत त्यानें अंतिम सामन्याचें तोंडसुद्धां पाहिलें नव्हतें. त्या साठ वर्षांत किती मुलें नागपुरांत, अकोल्यांत, अमरावतींत पांढरे कपडे घालून खेळलीं आणि हरून घरीं गेलीं! त्यांतल्या बहुतेकांचीं नांवें आज त्यांच्या गल्लीबाहेर कोणास ठाऊक नाहींत. २०१७-१८च्या हंगामांत विदर्भ प्रथमच अंतिम सामन्यांत पोंचला, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं फैज फझल याच्या नायकत्वाखालीं दिल्लीला नऊ गडी राखून हरवून त्यानें करंडक जिंकला. तो सामना इंदुरास झाला, होळकरांचें नांव असलेल्या मैदानावर. पुढें २०१८-१९ आणि २०२४-२५ सालींही करंडक विदर्भाकडे आला. विजयाच्या छायाचित्रांत पंधरा-वीस माणसें मावतात. साठ वर्षें जागा धरून बसलेले त्यांत मावत नाहींत.

आमचें सांगणें इतकेंच कीं, पराभवाच्या हंगामांत मुलाला "जिंकशील रे" अशी खोटी आशा दाखवूं नये. तो जिंकेलच असें नाहीं. विस्कॉन्सिनचीं पोरें नऊ वेळां हरलीं. त्याला "काय मिळालें खेळून?" असेंही विचारूं नये. मोठ्या माणसांनीं करावयाचें काम एकच, आणि तें फार सोपें आहे: जाऊन बसावें. तो हरत असतांना कोणीतरी आपलें माणूस रेषेबाहेर बसलेलें त्याला दिसावें. आम्हांस तें एकदां जमलें नाहीं.

गेल्या शनिवारीं शेजारच्या गांवच्या शाळेशीं मैत्रीचा सामना होता. नातवानें नांव काढून घेतलें नव्हतें. जेवण लौकर उरकून आम्ही, सौभाग्यवती आणि धाकटे चिरंजीव असे तिघे मैदानावर गेलों. आमच्या पातूरच्या टेकड्यांमागें ऊन उतरेपर्यंत सामना चालला. पोरें पुन्हां हरलीं. या वेळीं फरक जरा कमी होता. शेवटच्या दोन मिनिटांत नातू चढाईला गेला, बाद झाला, आणि बाहेर येऊन बसतांना त्यानें एकदां आमच्या दिशेनें पाहिलें.

घरीं आल्यावर त्यानें स्वतः होऊन हातपाय धुतले आणि भाकरी मागितली. वडील चिरंजीवांनीं विचारलें, "काय झालें रे?" तो म्हणाला, "हरलों. पुढच्या शनिवारीं परत आहे. तुम्ही येतां कां, बाबा?"